यंत्र कोणतें, आणि हात कोणाचे?
(कर्जत व खालापूर तालुक्यांतील पाणीटंचाई-निवारण कार्याच्या सभेंत समितीतर्फें केलेलें भाषण)



जमाखर्चाचा तपशील अहवालांत स्वतंत्र दिलेला आहे. तो आपण वाचालच. आज आम्ही एकाच प्रश्नाविषयीं बोलणार आहोंत. तो वरवर पाहतां यंत्रांचा दिसतो. पण विचारांतीं तो माणसांचा ठरतो, असा आमचा अनुभव आहे.

सह्याद्रीच्या पायथ्याशीं, जेथें वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तेथें टंचाई-निवारणाची समिती कशाला, असें मुंबईचे दाते आम्हांस विचारतात. त्यांस आमचें सांगणें असें कीं, त्यांनीं एकदां चैत्र-वैशाखांत येथें यावें. चार महिन्यांचें पाणी काळ्या फत्तरावरून वाहून उल्हास व पाताळगंगा या नद्यांस मिळतें, आणि उन्हाळा चढला कीं उतारावरील ठाकूर-कातकरी वाड्यांतील बाया डवऱ्यांत पाणी पाझरण्याची वाट पाहत रात्र काढतात. गांवोगांवचीं जुनीं तळीं गाळानें भरलीं आहेत. तो गाळ काढणें हें आमच्या कामाचें पहिलें कलम आहे.

गाळ काढावयाचा म्हणजे यंत्र हवें. मग यंत्र कोणत्या कंपनीचें घ्यावें? या प्रश्नाचा निकाल कार्यालयांत बसून लावण्यापेक्षां जे आपली उमर यंत्रावर काढतात त्यांसच विचारावें, असें आम्हीं ठरविलें. या भागांत अशा माणसांचा तोटा नाहीं. मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग २००२ सालीं पुरा झाला. पुढें २०१९ पासून खोपोली ते कुसगांव या नव्या जोडमार्गाचे बोगदे खोदले गेले. पनवेल-कर्जत उपनगरी लोहमार्गासाठीं वावर्लें येथें अडीच किलोमीटरांहून लांब बोगदा पाडण्यांत आला. या कामांवर देशभरचे चालक आले, आणि कांहीं येथेंच राहिले. त्यांच्याजवळ बसून, चहा घेऊन, आम्हीं त्यांचीं मतें लिहून घेतलीं.

पहिली गंमत नांवांची. रबरी चाकांचें, पुढें सूप व मागें खोऱ्याचा हात असलेलें कोणतेंही यंत्र आपल्याकडे ‘जेसीबी’ होय. आणि साखळीवर चालणारें कोणतेंही यंत्र ‘पोकलेन’ होय. पहिलें नांव इंग्लंडांतील जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांच्या नांवाचीं आद्याक्षरें आहेत. त्यांनीं १९४५ सालीं आपला धंदा सुरू केला, आणि १९७९ पासून हीं यंत्रें बल्लभगड येथें तयार होऊं लागलीं. दुसरें नांव एका फ्रेंच कंपनीचें. कंपनी कोणाच्या ध्यानांत नाहीं, पण नांव मात्र मराठी झालें आहे.

आतां मतें ऐका. चाकांच्या यंत्रांत बहुतेकांचा कल जेसीबीकडे आढळला. कारण विचारतां कोणींही प्रथम तिच्या बळाची स्तुति केली नाहीं. ‘साहेब, तिचा सुटा भाग तालुक्याच्या गांवीं मिळतो, आणि तिचा मिस्तरी हांकेच्या अंतरावर असतो,’ हेंच उत्तर वारंवार आलें. साखळीच्या यंत्रांत टाटा-हिताचीचे भक्त पुष्कळ. जुने चालक तिला अजून ‘टेल्कॉन’ म्हणतात, कारण २०१२ पर्यंत कंपनीचें तें नांव होतें. तिचा हात मऊ चालतो, तेलाचा खर्च बेताचा, असें त्यांचें म्हणणें. कोमात्सूवर काम केलेले लोक तिच्या टिकाऊपणाची शपथ घेतात. कॅटरपिलरवाला म्हणतो, फत्तर फोडावयाचा असेल तर माझ्याशीं बोला. चाकणच्या ह्युंदाईचीही बाजू घेणारे निघाले. एकंदरींत, ज्यानें ज्या यंत्रावर विद्या घेतली तें यंत्र त्याला आपल्या गुरूइतकें थोर वाटतें, असें आम्हांस दिसून आलें.

परंतु एका गोष्टीवर सर्वांचें एकमत होतें. यंत्राला वेळच्या वेळीं ग्रीस मिळालें, हायड्रॉलिकचें तेल निर्मळ राहिलें, गाळण्या बदलल्या, आणि दिवसाचें काम संपल्यावर इंजिन एकदम बंद न करतां थोडें थंड होऊं दिलें, तर कोणतीही कंपनी वाईट नाहीं. आणि हें न झालें तर कोणतीही चांगली नाहीं. एका वृद्ध चालकानें आम्हांस सांगितलें, ‘कंपनी लोखंड देते, अक्कल आपली आपण आणावयाची.’

हें वाक्य आम्हांस बोंचलें, आणि कां बोंचलें तें आतां कबूल करतों. गेल्या उन्हाळ्यांत आम्हीं दोन तळ्यांचा गाळ काढविला. एका तळ्यावर नवें कोरें, महागडें यंत्र तासाच्या भाड्यानें आणलें. त्यावरील मुलगा कामाला नवा होता. दुसऱ्यावर जुनें, रंग उडालेलें यंत्र आलें, व त्यावर केस पिकलेला चालक. तळ्याच्या बुडाशीं चिकण मातीचा जो थर असतो तोच पाण्याला धरून ठेवतो; त्याखालीं मुरूम लागला कीं पाणी झिरपून जातें. म्हाताऱ्यानें खोऱ्यांत येणाऱ्या मातीचा रंग बदलतांच हात आंखडता घेतला, व चिकण माती राखून काम थांबविलें. त्या पोरानें, तासांत अधिक ट्रॅक्टर भरावेत म्हणून, खालचा मुरूम उपसला. दोन्ही तळीं आषाढांत तुडुंब भरलीं. त्या पोराचें तळें कार्तिकांत कोरडें पडलें. म्हाताऱ्याच्या तळ्यावर वैशाखांत गुरें पाणी पीत होतीं. दोष त्या पोराचा नव्हे; त्याला कोणीं शिकविलेंच नव्हतें. दोष आमचा, आम्हीं तासाचा दर पाहिला, यंत्राचें नांव पाहिलें, पण हात पाहिला नाहीं.

आणि जेथें यंत्र पोंचतच नाहीं तेथें काय? १९ जुलै २०२३ च्या रात्रीं याच खालापूर तालुक्यांत इर्शाळगडाच्या कुशींतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीची वाट नव्हती. पावसामुळें आकाशमार्गही बंद होता. खालीं यंत्रें उभीं राहिलीं, आणि वर माणसांनीं कुदळ-फावड्यांनीं चिखल उपसला. २७ मृतदेह हातीं लागले. ५७ माणसें बेपत्ता राहिलीं. २३ जुलै रोजीं शोध थांबविण्यांत आला. डोंगराची माती जाणणारीं माणसें गांवांतच तयार असावींत, ही गोष्ट त्या रात्रीनंतर वेगळी सांगावयास नको.

या भूमीनें मोठमोठीं कामें पाहिलीं आहेत. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी धांवूं लागली. काम भरांत असतांना चाळीस हजारांहून अधिक मजूर तेथें राबत होते. १९१५ सालीं खोपोलीस व १९२२ सालीं भिवपुरीस टाटांचीं वीजगृहें सुरू झालीं. तीं चालवून झालेलें पाणी खोपोलीस पाताळगंगेंत उतरतें, आणि भिवपुरीच्या पाण्यावर राजनाला कालव्याकांठीं उन्हाळी भात पिकतें. परंतु वरच्या वाड्यांतील मनुष्य या प्रत्येक कामावर पाटी वाहणाराच राहिला. यंत्राच्या खोलींत बसणारा नेहमीं बाहेरून आला. दिवाळी झाली कीं आमचा कातकरी तरुण वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेऊन बायकापोरांसह गांव सोडतो, तो पावसाच्या तोंडावर परततो; आणि त्या वेळीं गांवांत तळ्याचें काम बाहेरचा चालक करून गेलेला असतो.

यंत्र आणून तुम्ही गरिबाची मजुरी हिरावतां, असा आक्षेप आमच्यावर घेतात. तो पोकळ नाहीं. १८७६-७८ च्या दुष्काळांत काय किंवा १९७२ च्या अवर्षणांत काय, निवारणाचीं कामें मुख्यतः हातांना काम मिळावें म्हणूनच काढलीं गेलीं. म्हणून आम्हीं वांटणी केली आहे: खोल गाळाचा उपसा यंत्रानें, बांधाची दगडी बांधणी, उतारावरील चर, झऱ्यांचीं कुंडीं व गाळ शेतांत पसरणें हीं सर्व कामें मजुरीनें, गांवच्या हातांनीं. आणि यंत्रावरही गांवचाच एक हात.

हा शेवटचा मुद्दाच आमच्या विनंतीचें मूळ आहे. आज चालक कसा तयार होतो? एखाद्या उस्तादाचा मदतनीस म्हणून तो दोन-तीन वर्षें राबतो. तेल भरतो, ग्रीस मारतो, भांडीं घांसतो, आणि उस्ताद जेवावयास बसला म्हणजे चोरून लिव्हर हातीं घेतो. पगार बहुधा नाहींच. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे, विद्यावेतनास हातभार लावणारी केंद्राची योजना २०१६ सालीं निघाली. पण डोंगरांतल्या वाडीपर्यंत त्यांतलें थोडेंच चढलें. व्यावसायिक वाहनचालकास आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती, ती २०१९ सालीं निघाली. म्हणजे शाळा सुटलेल्या मुलासही परवान्याची वाट आतां मोकळी आहे. ज्या चालकांशीं आम्ही बोललों त्यांत कांहींचें मत होतें कीं शाळेंतून प्रमाणपत्र आधीं घ्यावें. कांहीं म्हणाले, आधीं हात काळे करावेत. आम्हांस दोघांचेंही अर्धें अर्धें पटलें.

तेव्हां समितीनें असें ठरविलें आहे. यापुढें भाड्यानें घेतलेल्या प्रत्येक यंत्राबरोबर अठरा वर्षांवरील एक स्थानिक उमेदवार राहील, आणि तसें करारांत लिहिलें जाईल. पहिल्या हंगामांत त्यानें यंत्राची निगा, तेलाची नोंद व मातीची पारख शिकावी; दुसऱ्या हंगामांत उस्तादाच्या नजरेखालीं लिव्हर धरावी; मग प्रशिक्षणशाळेंत जाऊन रीतसर प्रमाणपत्र व परवाना घ्यावा. उस्तादास शिकविण्याबद्दल वेगळा मोबदला मिळेल, कारण फुकट मागितलेली विद्या मनापासून दिली जात नाहीं. आणि उमेदवारास पहिल्या दिवसापासून विद्यावेतन मिळेल.

दात्यांनो, हें विद्यावेतनच आम्ही आपणांपाशीं मागत आहोंत. डिझेल देणारे पुष्कळ भेटतात. तळ्यावर फलक लागतो, त्यावर नांव येतें. उमेदवाराच्या पाटीवर नांव कोरतां येत नाहीं. तरीही सांगतों, तळें दहा-पंधरा वर्षांत पुन्हा गाळानें भरेल. त्या वेळीं तें नीट उपसणारा मनुष्य गांवांत असेल कीं नसेल, हें आपल्या आजच्या देणगीवर आहे. वर्गणी दिवाळीपूर्वीं पोंचावी. नंतर आलेला पैसा वायां जाणार नाहीं, पण तोंवर पोरगा भट्टीची उचल घेऊन गेलेला असेल, आणि मग तें वर्ष त्याचें गेलें.

ज्या उस्तादांनीं आम्हांस आपलीं मतें मोकळेपणीं सांगितलीं, त्यांचे आम्ही ऋणी आहोंत. कोणतें यंत्र घ्यावें, याचें आमचें उत्तर आतां एवढेंच: ज्याचा मिस्तरी जवळ, आणि ज्याचा चालक आपला.