बँकॉकचा राजवाडा आणि भिंतीवरचे रामायण

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



थायलंडहून आल्यापासून मला जी ती विचारते, "काय काय आणलंत?" काय पाहिलेत, असे विचारले ते आपल्या मंडळानेच. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा भाषण म्हणून नव्हे, घरी चार जणींना सांगावे तसे सांगते. सगळी सहल सांगत बसत नाही. बँकॉकचा राजवाडा आणि त्याच्या आवारातले बुद्धाचे देऊळ, एवढेच.

थायलंडची जुनी राजधानी अयुथया. हे नाव आपल्या अयोध्येवरूनच पडले. १७६७ साली ब्रह्मदेशच्या सैन्याने ती जाळून उद्ध्वस्त केली. पुढे १७८२ साली पहिल्या राम राजाने चाओ फ्राया नदीच्या काठी नवी राजधानी वसवली, तेच बँकॉक आणि तोच हा राजवाडा. तिथल्या राजांना रामच म्हणतात. आत्ताचा राजा दहावा राम. पण तो या वाड्यात राहत नाही. इथे आता समारंभ होतात आणि आमच्यासारखे प्रवासी हिंडतात.

परदेशी माणसाला तिकीट पाचशे बाहत, म्हणजे आपले हजाराच्या वर. तिथल्या लोकांना फुकट. आमच्यातल्या एका गृहस्थांनी त्यावर बरीच कुरकुर केली. आपल्या ताजमहालालाही परदेशी पाहुण्याचे तिकीट वेगळे असते, हे ते विसरले. दारावर कपडे पाहतात. खांदे उघडे चालत नाहीत, गुडघे उघडे चालत नाहीत. अर्धी विजार घालून आलेल्या पुरुषांना पायजमे विकत घ्यावे लागले. आम्ही साडीवाल्या तेवढ्या सरळ आत गेलो!

आत गेल्यावर डोळे दिपतात. सोनेरी कळस, रंगीत काचांचे तुकडे बसवलेल्या भिंती, एकावर एक चढलेली छपरे. एक महाल तर मोठा गमतीचा आहे. १८७६ ते १८८२ या काळात बांधलेला. खालून अगदी विलायती इमारत आणि डोक्यावर थाई मुकुट.

देवळातल्या बुद्धाला पाचूचा बुद्ध म्हणतात, पण मूर्ती पाचूची नाही, हिरव्या जेड दगडाची आहे. उंची अवघी ६६ सेंटीमीटर, आणि ठेवली आहे खूप उंचावर. १४३४ साली चियांग राई गावी ती सापडली. वर चुन्याचा गिलावा होता. तो नाकापाशी निघाला, आतून हिरवे दिसले, आणि लोकांना वाटले पाचूच. मला सर्वांत आवडले ते हे, की वर्षातून तीन वेळा, उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा लागताना, मूर्तीचा सोन्याचा पोशाख बदलतात, आणि तो राजा स्वतःच्या हाताने बदलतो. पंढरपूरला विठोबाला उन्हाळ्यात चंदनाची उटी लावतात, थंडीत उबदार कपडे घालतात. देवाला उकडते नि थंडी वाजते, हे त्या लोकांनाही कळते तर!

आत चपला नाहीत, फोटो नाही. जमिनीवर बसायचे ते पाय मागे दुमडून. मूर्तीकडे तळवे करणे हा तिथे मोठा अपमान. आपण वडीलधाऱ्यांपुढे पाय पसरत नाही, तसेच. तरी आमच्यातल्या दोघी दमून पाय पसरून बसल्या. रखवालदाराने खूण केली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

देवळाभोवतीच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर सबंध रामायण रंगवले आहे. एकशे अठ्ठ्याहत्तर चित्रे! त्याला ते रामकियेन म्हणतात. जनकाला सीता सापडते तिथून सुरुवात. हनुमान पांढराशुभ्र. एका चित्रात त्याने जबडा एवढा पसरला आहे, की रामाचा तंबूच तोंडात धरून बसला आहे, महिरावणाने रामाला चोरून नेऊ नये म्हणून. ते पाहताच आम्ही सगळ्या जणी एकदम बोलू लागलो. महिरावण आपल्याला लहानपणापासून ठाऊक.

मग वाट दाखवणाऱ्या थाई बाईने मोडक्या हिंदीत सांगितले, की यांच्या कथेत सीता ही रावणाचीच मुलगी, आणि हनुमानाने रावणाच्या मत्स्यकन्या मुलीशी लग्न केले. झाले! आमच्याबरोबरच्या एक काकू रागावल्या. "मारुती ब्रह्मचारी. हे काय भलतंच?" म्हणाल्या आणि पुढचे पाहीनातच. मी म्हटले, "काकू, आपला मकरध्वज कोण? त्याची आई मगरी नव्हे का?" काकू म्हणाल्या, "तो घामाचा थेंब होता!" तेही खरेच. पण दोनशे वर्षे ज्यांनी राम भिंतीवर जपला, सोन्याचा रंग उडाला की पुन्हा चढवला, त्यांच्या घरात उभे राहून त्यांचा राम खोटा म्हणणे मला जमले नाही. गंमत म्हणजे रावणही तिथे दारावर राखणीला उभा आहे, मोठा हिरवा राक्षस, बुद्धाच्या देवळाकडे तोंड करून. त्याचे नाव थोत्साकान, म्हणजे दशकंठ. काकूंनी शेवटी त्याच्याजवळ फोटो काढून घेतला.

आता जे पाहायला मिळाले नाही ते सांगते. वाड्याच्या आत आणखी एक भिंत आहे. तिच्यामागे पूर्वी नुसत्या बायकांचे गाव होते. राण्या, राजकन्या, दासी, शेकडो बायका. आत रस्ते, बाजार, पहारेकरीही बायकाच. राजाखेरीज पुरुषाला मज्जाव. मुलगे मोठे झाले की बाहेर. विसाव्या शतकात हळूहळू ते रिकामे झाले, आणि आजही प्रवाशांना बंद आहे. भिंतीवरून नुसती छपरे दिसतात. बाकी मंडळी सिंहासन पाहायला गेली. मी त्या भिंतीपाशी थोडी थांबले. आत जन्म काढलेल्या बायकांना सोने कमी नसेल, पण नदी एवढ्या जवळ असून मनात येईल तेव्हा काठावर जाऊन बसता येत होते का, हे कोणाला विचारायचे?

त्या बायकांनी तिथे बसून एक विद्या मात्र फार वाढवली. फळांवर, भाज्यांवर कोरीव काम, आणि फुलांचे बारीक हार. ती आज तिकडे सगळीकडे दिसते. बाजारात एक बाई बोटाएवढ्या टोकदार सुरीने कलिंगडाची फुले करत बसली होती. मी अर्धा तास पाहिले आणि तसली सुरी विकत घेतली. ती इथे पिशवीत आहे. चहा झाला की पपईवर, जेवढे जमते तेवढे, करून दाखवते.