मूळ माणसाला विचारा
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला बजावलंय, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, मोबाईलवरच्या फसवणुकीवर बोल. पण आम्हाला कळेल असं बोल." म्हणून दोन घटना सांगते. दोन्ही २०१८ सालच्या आणि आपल्या महाराष्ट्रातल्या.

पहिली पुण्याची. ११ आणि १३ ऑगस्टला कॉसमॉस बँकेतून चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये पळवले. कार्डांची माहिती चोरून बनावट कार्डं केली आणि २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे काढले. आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले. हे जमलं कसं? आपण एटीएमला कार्ड घातलं की "पैसे देऊ का?" असा प्रश्न बँकेच्या मुख्य संगणकाकडे जातो. चोरांनी मध्येच स्वतःची यंत्रणा घुसवली आणि तीच "द्या, द्या" म्हणत राहिली. प्रश्न खऱ्या बँकेपर्यंत पोचलाच नाही.

दुसरी घटना धुळे जिल्ह्यातली, पण माणसं आपल्याकडची. १ जुलैला साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. त्यांतले बहुतेक आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्याचे. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा त्या दिवसांत व्हॉट्सअॅपवर फिरत होती. त्या काळात देशभर पसरलेला एक व्हिडिओ तर कराचीचा होता. मुलांची काळजी घ्या, हे सांगण्यासाठी तिथे तो मुद्दाम तयार केला होता. कुणीतरी त्याचा शेवट कापला आणि उरलेला भाग खरा म्हणून पुढे ढकलला. राईनपाड्यातून मंगळवेढ्याला एक फोन गेला असता, तर ही माणसं कोण आहेत हे कळलं असतं. तोही प्रश्न पोचला नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. त्याने अफवेचा वेग कमी झाला. खरं-खोटं बघायचं काम मात्र आपल्याकडेच राहिलं.

आता ते काम अवघड झालंय. २०२१ मध्ये एअर इंडियाच्या ४५ लाख प्रवाशांची माहिती चोरीला गेली. नावं, जन्मतारखा, पासपोर्टचा तपशील. अशी माहिती पुढे विकली जाते. त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय. थोडंसं रेकॉर्डिंग मिळालं की एखाद्याच्या आवाजात हवं ते बोलवून घेता येतं. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग ॲपची जाहिरात करतोय असा व्हिडिओ फिरला. तो खोटा आहे, हे सचिनला स्वतः सांगावं लागलं.

चोरलेली माहिती आणि बनावट आवाज एकत्र आले की काय होईल? उद्या आपल्यापैकी कुणाला फोन येईल. आवाज हुबेहूब सरांचा. "अगं, मी दवाखान्यात आहे, जरा पैसे पाठव." तुमची बॅच, तुमचं गाव, वडील साखर कारखान्यात होते, हे सगळं त्याला ठाऊक. कोण नाही म्हणेल? सरांसाठी आपण विचार न करता पैसे पाठवू, आणि चोराला नेमकं तेच हवं असतं. उलट बाजूही आहे. सरांना, बाईंनाही एखाद्या लाडक्या विद्यार्थ्याच्या आवाजात फोन येऊ शकतो, आणि तिथे पेन्शनची पुंजी पणाला लागते.

म्हणून आज तीन विनंत्या करते.

एक, स्मरणिकेतल्या यादीत नाव, बॅच आणि सध्याचं गाव एवढंच छापावं. फोन नंबर समितीकडे राहू देत. हवा असेल त्याने मागावा, समितीने त्या व्यक्तीला विचारून द्यावा. जन्मतारीख आणि घरचा पत्ता कुठेच नको. यादीची पीडीएफ ग्रुपवर टाकू नये.

दोन, पैशांचा निरोप आला, आवाज कितीही ओळखीचा वाटला, तरी फोन ठेवायचा. आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर स्वतः फोन लावायचा. नाही लागला, तर घरातल्या दुसऱ्या कुणाला लावायचा. यात सरांचा अपमान नाही. सर, तुम्हीच इथे सगळ्यांना सांगून टाका, "मला उलट फोन केला तर मी रागावणार नाही."

तीन, फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या नंबरवर आणि आपल्या बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी कळवलं तर ते अडवता येण्याची शक्यता जास्त.

अकलूजच्या घोडेबाजारात दात बघितल्याशिवाय कुणी घोडा घेत नाही, आणि विकणाऱ्यालाही त्याचा राग येत नाही. ग्रुपवर आलेल्या निरोपालाही तोच रिवाज लावूया. पुढे पाठवण्याआधी "हे तुला कुणी सांगितलं?" एवढं विचारूया. पाठवणारा वर्गमित्र असला तरी.

यादीचा निर्णय समितीने आज जेवणाआधीच घ्यावा, म्हणजे छपाईला अडचण येणार नाही.

एवढं बोलून थांबते.