कंपनी बोलते कशी?



गिऱ्हाईक-दुकानदाराचे भांडण पूर्वी शहागडच्या बाजारात चारचौघांत होई. आता ते साऱ्या देशादेखत होते. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी विनोदकार कुणाल कामरा यांनी ओला कंपनीच्या, दुरुस्तीसाठी खोळंबलेल्या विजेवरील स्कूटरींचे छायाचित्र 'एक्स'वर टाकले. कंपनीचे प्रमुख भाविश अग्रवाल यांनी काय उत्तर द्यावे? पैसे घेऊन लिहिल्याचा आरोप, वर विनोदाचा धंदा फसल्याचा टोमणा! तुंबलेली कामे लवकरच निपटू, हे आश्वासनही त्यात होते. पण टोमण्यापुढे ते कोण ऐकतो? दुसऱ्या दिवशी शेअर कोसळला, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोटीसही निघाली. तिच्यामागे मात्र विनोदकार नव्हता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर वर्षभरात साचलेल्या १०,६४४ तक्रारी होत्या.

त्या तक्रारदारांपैकी किती जणांना कंपनीच्या प्रमुखाचे जाहीर उत्तर मिळाले असेल? ते मिळाले लाखोंच्या श्रोतृवर्गाच्या धन्याला. आपल्या गोदाकाठच्या माणसाने एवढे श्रोते आणावेत कोठून? त्याने १९१५ हा हेल्पलाइनचा क्रमांक जवळ ठेवावा, पावती जपावी. आणि कंपनीच्या पानावर तक्रार लिहिताना आपला फोन नंबर उघड्यावर टाकू नये. पुष्कळदा कंपनीच्या आधी भामट्याचाच फोन येतो.