गॅमा किरणांची साक्ष
(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



पत्रकाराला पहिला प्रश्न पडतो तो हा, की बातमी आली कुठून? आजचा विषय याच प्रश्नाचा आहे.

१९१२ साली ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेस बलूनमधून पाच किलोमीटरहून अधिक उंचीवर गेले आणि अंतराळातून पृथ्वीकडे भेदक किरण येत असल्याचे त्यांनी दाखवून दिले. हेच विश्वकिरण. ते म्हणजे मुख्यतः प्रोटॉनसारखे विद्युतभारित कण. आकाशगंगेतील चुंबकीय क्षेत्रे त्यांना इतकी वळणे देतात की, आपल्यापर्यंत पोहोचेतो त्यांची मूळ दिशा पुसली जाते.

अशा वेळी गॅमा किरण साक्षीला येतात. ताऱ्यांमधील अवकाशात विरळ वायू आहे, बहुतांशी हायड्रोजन. वेगवान प्रोटॉन त्यावर आदळला की पायॉन हा अल्पजीवी कण जन्मतो. विद्युतभाररहित पायॉनचे तत्क्षणी दोन गॅमा किरणांत रूपांतर होते आणि ते सरळ रेषेत प्रवास करतात. 'फर्मी' या अवकाश दुर्बिणीला आयसी ४४३ आणि डब्ल्यू ४४ या ताऱ्यांच्या स्फोटावशेषांत पायॉनची ही खूण आढळल्याचे २०१३ साली जाहीर झाले. अशा अवशेषांत प्रोटॉनना प्रचंड वेग मिळतो, याचा तो भक्कम पुरावा होता. रेडिओ दुर्बिणींच्या नजरेतून निसटलेला वायूही गॅमा किरणांनीच उजेडात आणला.

या शोधयात्रेत भारत केवळ प्रेक्षक राहिला नाही. डॉ. होमी भाभांनी विश्वकिरणांवर मूलगामी संशोधन केले. लडाखमधील हानले येथे, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, भाभा अणुसंशोधन केंद्राने २१ मीटर व्यासाची 'मेस' ही गॅमा दुर्बीण देशातच उभारली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचे उद्घाटन झाले. गॅमा किरण वातावरणात शिरताच क्षणार्धासाठी उमटणारा निळसर प्रकाश ती टिपते.

मित्रहो, 'आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते' असे म्हणून स्वस्थ बसणे सोपे आहे. आर्यभटाचा वारसा सांगायचा, तर रात्री जागून आकाश निरखणारी, मोजमाप करणारी पिढी आपल्याच घरांतून घडली पाहिजे. उद्या आपली मुलगी 'मला भौतिकशास्त्र शिकायचे आहे' म्हणाली, तर 'त्यात नोकरी कुठली?' असे विचारून तिची वाट अडवू नका, एवढी विनंती करतो आणि थांबतो.

भारत माता की जय!