कच्चं मडकं

 

गेल्या श्रावणात इथं पोलादपुरात मी पहिल्यांदा शाडूच्या मातीला हात लावला. आपल्या जिल्ह्यातल्या पेणच्या मूर्ती डोळ्यांपुढं, आणि माझ्या गणपतीची सोंड तीनदा गळून पडली! लाज वाटली. फडक्याखाली लपवला. नातू विचारतो, "आबा, बाप्पाला कोंडलंत का?"

तेव्हा तेरढोकीची कथा आठवली. मुक्ताईच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी थापटणं घेतलं, एकेका संताच्या डोक्यावर मारलं. नामदेवराय रागावले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं! नामदेवराय रडत पांडुरंगाकडं गेले. पण घरी लपून बसले नाहीत हो! औंढ्या नागनाथाला जाऊन विसोबा खेचरांचे पाय धरले.

आता कुंभाराला विचारा. भाजलेलं मडकं फुटलं की खापर. कच्चं मोडलं तर? माती भिजवा, मळा, पुन्हा चाकावर चढवा. मग कच्चेपणाची लाज कसली? ती तर देवाची सवलत आहे!

मी माती पुन्हा भिजवली. सोंड जरा वाकडीच बसली. चतुर्थीला त्याच बाप्पाची आरती केली.

तुम्हीही "जमणार नाही" म्हणून खुंटीला टांगलेला मृदंग आज खाली काढा. बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!