जोराचे शब्द

इंदूरच्या मराठी घरांत ‘अ‍ॅक्च्युअली’, ‘लिटरली’, ‘सीरियसली’ हे शब्द आज अगदी सहज वावरतात. त्यांच्यावर नाक मुरडायला मी उभा नाही. बोलण्याला जोर आणण्यासाठी मराठीने पूर्वीही उसनवारी केलीच आहे. ‘बिलकुल’, ‘जरूर’ आणि ‘साफ नाही’ मधला ‘साफ’ हे मूळचे अरबी. फारसीच्या वाटेने आले आणि आपले झाले.

शिवाय आपला ‘च’ चिवट आहे. ‘लिटरलीच रडले गं’ असे मुली म्हणतात. ‘मीच येतो’ आणि ‘मी येतोच’ यांतला भेद एकट्या ‘डेफिनेटली’ला पेलत नाही, हे त्यांना न शिकवता कळते.

काळजी वेगळ्याच ठिकाणी आहे. काळा कुट्ट, पिवळा धमक, लाल भडक, हिरवा गार, आंबट ढाण! मराठीत गुणागणिक जोराचा शब्द निराळा. यांतला ‘ढाण’ आंबटापासून सोडवून पाहा, हाती काही लागत नाही. असा शब्द कोशात शोधायला कोण जाणार? तो कैरी दाताखाली असताना आजीच्या तोंडून ऐकावा लागतो. आमच्याकडे शाळा हिंदी नाही तर इंग्रजी, बाजार हिंदी. ऐकण्याची जागा उरली ती स्वयंपाकघराची. तिथेही आता कैरी ‘सुपर आंबट’, ताक ‘सुपर थंड’ आणि साडी ‘सुपर पिवळी’.

‘आंबट’च्या पुढे काय, असे मी वर्गात विचारले. एक मुलगी म्हणाली, ‘आंबटचिंबट’. जोर थोडा कमी पडला खरा. पण तिच्या घरी कोणीतरी बोलते आहे.