अर्थशास्त्राचा अभ्यास आणि पुढील वाट

जुन्नर आणि आंबेगांव या तालुक्यांस व्यापार नवा नाहीं. सातवाहनांच्या काळीं कोंकणांतील बंदरांचा माल नाणेघाटानें जुन्नरास चढत असे. आज नारायणगांवच्या बाजारांत टोमॅटो, तर ओतूर आणि मंचर येथें कांदा उतरतो. एका आठवड्यांत भाव चढतो. दुसऱ्यांत तोडणीची मजुरीहि सुटत नाहीं. असें कां व्हावें, हा प्रश्न ज्या विद्यार्थ्याच्या मनांत रुजला, तो अर्थशास्त्राच्या उंबरठ्याशीं येऊन पोहोंचलाच.

परंतु त्याचे वडील विचारतात, “हें शिकून पुढें काय?” प्रश्न रास्त आहे. ज्या घरीं शिक्षणाचा खर्च पिकाच्या पैशांतून होतो, तेथें मुलाचीं पांच वर्षें ही मोठीच ठेव होय.

या शास्त्राचा उपयोग काय, याचें उदाहरण जवळच आहे. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था रावबहादुर काळे यांच्या देणगींतून १९३० सालीं उभी राहिली. १९९३ सालीं तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. पुण्यांतील फळांचा व्यापार कसा चालतो, याची पाहणी संस्थेनें १९३३ सालीं प्रसिद्ध केली. गोदावरी व प्रवरा कालव्यांपासून झालेल्या लाभाची पाहणी १९४८ सालीं. पुढें विठ्ठलराव विखे पाटलांसमवेत प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभारण्यांत गाडगीळांनीं पुढाकार घेतला. जुन्नरांतील विघ्नहर व आंबेगांवांतील भीमाशंकर हे कारखाने त्याच सहकारी परंपरेंतील होत.

एका विषयास वाहिलेल्या अशा लहान विद्यापीठांत विद्यार्थी थोडे असल्यामुळें शिक्षकाची नजर प्रत्येकापर्यंत पोहोंचते. उणीव ही कीं, तेथें इतर शास्त्रांची संगत अल्प आणि मन पालटल्यास विषय बदलण्यास वाव थोडा.

आतां उपजीविकेकडे वळूं. केवळ बी. ए. होऊन बँकेच्या वा राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस बसतां येतें. परंतु ती वाट कोणत्याहि पदवीधरास मोकळी आहे. अर्थशास्त्राचे खास दरवाजे बहुधा पदव्युत्तर पदवीनंतरच उघडतात. १९६१ सालीं निर्माण झालेल्या भारतीय अर्थसेवेकरितां संघ लोकसेवा आयोग परीक्षा घेतो व तीस ही पदवी आवश्यक असते. रिझर्व्ह बँकेचा संशोधन विभाग आणि १९८२ सालीं स्थापन झालेली नाबार्ड यांसहि अर्थशास्त्रज्ञ लागतात. अध्यापन, संशोधनसंस्था, विमा कंपन्या व आंकडेवारीचें पृथक्करण करणाऱ्या खाजगी पेढ्या, याहि वाटा आहेत. या सर्व ठिकाणीं गणित व संख्याशास्त्र यांवांचून निभाव लागत नाहीं. गणित चुकविण्यासाठीं जो हा विषय घेतो, त्यास तें पुढच्या वळणावर पुन्हां भेटतें.

म्हणून प्रवेश घेण्यापूर्वीं पालकांनीं संस्थेस तीन गोष्टी विचाराव्या: एकूण खर्च किती व शिष्यवृत्ति कोणती, गणित व संख्याशास्त्र किती शिकवितात, आणि गेल्या दोनतीन वर्षांतील विद्यार्थी आज कोठें काम करीत आहेत. उत्तरें मोघम मिळालीं, तर थांबावें. स्पष्ट मिळालीं, आणि भाव कां पडला हें शोधण्याची मुलाची जिज्ञासा टिकून असेल, तर त्यास निःशंक मनानें पाठवावें.